वीस वर्षे दबा धरून बसलेला गोवर

#इतिहासाचा_धागा

१/
एक तरुण स्त्री गर्भवती आहे. प्रकृती उत्तम आहे. मग काही आठवड्यांतच तिची नजर अंधुक होऊ लागते, नेहमीचे शब्द आठवेनासे होतात, हातापायांना ठरावीक अंतराने झटके बसू लागतात. काही महिन्यांत तिचे भान हरपते. वैद्यकीय नियतकालिकांत अशा मोजक्याच नोंदी आहेत. या आजाराचे मूळ मात्र गर्भारपणात नसते. ते तिच्या अगदी लहानपणी, बहुधा रांगत्या वयात, येऊन गेलेल्या गोवरात असते.

२/
आजाराचे नाव लांबलचक आहे : सबअक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस. संपूर्ण मेंदूला हळूहळू व्यापणारा आणि मेंदूचा पांढरा भाग कठीण करत नेणारा दाह, असा त्याचा अर्थ. सोयीसाठी आपण ‘एसएसपीई’ म्हणू. आजच्या धाग्याचा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला जवळचा वाटावा असा आहे. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये दहा-वीस वर्षांचे अंतर असेल, तर त्यांचा संबंध सिद्ध कसा करायचा?

३/
आधी गोवराची ओळख. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळात होऊन गेलेले फारसी वैद्य अल-राझी यांनी देवी आणि गोवर यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अंगावर पुरळ उठवणारे हे दोन आजार लक्षणांवरून वेगळे कसे ओळखावेत, हे त्यांनी त्यात तपशीलवार मांडले. तरीही पुढची अनेक शतके गोवर म्हणजे बालपणीचा अटळ, येऊन जाणारा ताप, एवढीच समजूत कायम राहिली. आपल्याकडेही ‘गोवर काय, प्रत्येकालाच निघतो’ असे घरोघर म्हटले जाई.

४/
या समजुतीला शास्त्रीय आधार मिळाला तो १८४६ मध्ये, उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर. कोपनहेगनहून आलेल्या एका कारागिराबरोबर गोवर तिथे पोहोचला आणि सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी ६,००० हून अधिक माणसे आजारी पडली. डॅनिश सरकारने तपासासाठी धाडलेल्या डॉक्टरांपैकी एक होता पीटर लुडविग पानुम. वय अवघे पंचवीस, म्हणजे हा धागा वाचणाऱ्या बहुतेकांच्याच वयाचा.

५/
पानुमने गावोगाव फिरून कोणाला कधी पुरळ उठले याची टिपणे केली. संसर्गानंतर साधारण तेरा-चौदा दिवसांनी पुरळ येते, हे त्याने दाखवले. पण त्याचे सर्वांत मोलाचे निरीक्षण म्हाताऱ्यांविषयीचे होते. बेटांवर याआधीचा गोवर १७८१ मध्ये आला होता. त्या वेळी तो झालेल्यांपैकी जे हयात होते, त्यांच्यापैकी एकालाही ६५ वर्षांनंतर पुन्हा गोवर झाला नाही. याचा अर्थ, शरीर गोवराला आयुष्यभर विसरत नाही.

६/
हे निरीक्षण आजही खरे मानले जाते. मात्र त्यातून एक निष्कर्ष नकळत काढला गेला : गोवर एकदा येऊन गेला की प्रकरण मिटले. शरीर विषाणूला विसरत नाही हे पानुमने दाखवले. पण क्वचित प्रसंगी विषाणूही शरीर सोडत नाही, हे कळायला आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली. ती कथा सुरू होते मेंदूच्या एका वेगळ्याच साथीपासून.

७/
१९१७ मध्ये व्हिएन्नातील कॉन्स्टान्टिन फॉन एकोनोमो यांनी ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ या निद्राकारक मेंदूदाहाचे वर्णन केले. पुढच्या दशकभरात जगभर असंख्य माणसे या गूढ आजाराला बळी पडली. परिणामी त्या काळात मेंदूचा कोणताही अनाकलनीय दाह दिसला की त्यावर हेच लेबल लावण्याकडे कल असे. एखादे प्रसिद्ध नाव शेजारच्या निराळ्या गोष्टीलाही कसे गिळून टाकते, याचे हे उत्तम उदाहरण.

८/
१९३३ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात जेम्स डॉसन या विकृतिशास्त्रज्ञाने मेंदूदाहाने दगावलेल्या एका मुलाच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चेतापेशींच्या केंद्रकांत त्याला गुलाबी रंग धरणारे गोळे दिसले. असे गोळे काही विषाणूजन्य आजारांत आढळतात, हे तेव्हा ठाऊक होते. निबंधाच्या शीर्षकात डॉसनने ‘लेथार्जिक एन्सेफलायटिस’ हेच नाव वापरले, पण कारण विषाणू असावा हा त्याचा तर्क अचूक होता. कोणता विषाणू, हे सांगण्याचे साधन त्याच्या हाती नव्हते.

९/
१९३९ मध्ये जर्मनीत पेटे आणि ड्यूरिंग यांनी अशाच एका आजाराचे वर्णन वेगळ्या नावाने केले. १९४५ मध्ये बेल्जियमच्या लुडो व्हान बोगार्ट यांनी आणखी एक नाव दिले. त्यांचा भर मेंदूतील पांढऱ्या भागाच्या कठीण होण्यावर होता. तीन देश, तीन नावे. प्रत्येकाने हत्तीचा एकेक अवयव चाचपला होता. ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ ग्रीनफील्ड यांनी १९५० मध्ये हे सारे एकाच आजाराचे पैलू असल्याचे मांडले, आणि ‘सबअक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस’ हे नाव पुढे रूढ झाले.

१०/
याच सुमारास बेल्जियममध्येच राडरमेकर यांनी या रुग्णांच्या मेंदूचा विद्युत-आलेख, म्हणजे ईईजी, तपासला. त्यात काही सेकंदांच्या जवळपास समान अंतराने तोच तो मोठा तरंग उमटत होता, आणि रुग्णाचे झटके या तरंगांच्या तालावर येत होते. आजही या तरंगांना त्यांचे नाव आहे. मेंदू उघडून न पाहता जिवंत रुग्णात हा आजार ओळखण्याची वाट अशी सापडली. कारण मात्र अजूनही अंधारात होते.

११/
त्या अंधारात एक कवडसा अनपेक्षित दिशेने आला : आइसलंडमधल्या मेंढ्यांकडून. तिथले शास्त्रज्ञ ब्योर्न सिगुर्डसन मेंढ्यांचे असे आजार अभ्यासत होते, ज्यांत संसर्गानंतर कित्येक महिने किंवा वर्षे काहीच दिसत नसे आणि मग जनावर हळूहळू खंगून मरे. १९५४ मध्ये त्यांनी यासाठी ‘संथ संसर्ग’ ही संकल्पना मांडली. संसर्ग म्हणजे आठवड्याभराचा ताप, या चौकटीला तिने धक्का दिला. विषाणू वर्षानुवर्षे दबा धरून बसू शकतो, असा विचार करणे आता शक्य झाले.

१२/
मग पुरावे एकामागून एक जमत गेले. १९६५ मध्ये फ्रान्समधील बुतेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एसएसपीईच्या रुग्णाच्या मेंदूत नळीसारख्या रचना पाहिल्या. त्या गोवराच्या कुळातील विषाणूंच्या गाभ्याशी मिळत्याजुळत्या होत्या. डॉसनच्या गुलाबी गोळ्यांच्या आत काय दडले होते, ते आता दिसू लागले. पण कुळ कळले म्हणजे आरोपी सापडला असे होत नाही.

१३/
आरोपीचे नाव १९६७ मध्ये बेलफास्टहून आले. कॉनोली आणि सहकाऱ्यांना रुग्णांच्या रक्तात आणि मेंदूभोवतीच्या द्रवात गोवरविरोधी प्रतिपिंडे विलक्षण मोठ्या प्रमाणात आढळली. शिवाय मेंदूच्या ऊतीत गोवराच्या विषाणूचे अंशही दिसले. शरीर वर्षानुवर्षे एका शत्रूशी झुंजत होते, आणि तो शत्रू मेंदूच्या आत होता. तरीही एक आक्षेप उरत होता : हे केवळ जुन्या संसर्गाचे अवशेष असतील तर?

१४/
१९६९ मध्ये तोही प्रश्न सुटला. अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी रुग्णांच्या मेंदूतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांतून गोवराचा विषाणू वेगळा काढला. नुसत्या मेंदूच्या पेशींतून तो सहजी बाहेर येत नव्हता. त्या पेशींबरोबर दुसऱ्या जातीच्या पेशी वाढवल्यावर मात्र तो प्रकट झाला. म्हणजे तो मृत अवशेष नव्हता. जिवंत होता आणि कोंडलेला होता. डॉसनच्या शंकेपासून इथवर यायला ३६ वर्षे लागली.

१५/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी इथे क्षणभर थांबावे. एकाच विधानामागे तीन स्वतंत्र प्रकारचे पुरावे उभे आहेत : डोळ्यांनी दिसलेली रचना, रक्तातली साक्ष आणि प्रत्यक्ष हाती लागलेला विषाणू. यांतला कोणताही एक पुरावा एकटा पुरेसा नव्हता. ताम्रपट, बखर आणि उत्खनन एकाच गोष्टीकडे बोट दाखवू लागले की आपण जी खात्री बाळगतो, तीच इथे तीन देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून कमावली.

१६/
विषाणू इतकी वर्षे लपतो कसा? १९८८ मध्ये झुरिकमधील कात्तानेओ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मेंदूतील विषाणूचा जनुकीय मजकूर वाचला. नवे विषाणूकण जुळवण्यासाठी लागणाऱ्या ‘मॅट्रिक्स’ प्रथिनाच्या जनुकात त्यांना उत्परिवर्तनांची अक्षरशः झुंबड आढळली. असा विषाणू पूर्ण कण बनवून पेशीबाहेर पडत नाही. एका चेतापेशीतून थेट दुसरीत सरकतो. रक्तात प्रतिपिंडांचा कडेकोट पहारा असतो, पण चोर रस्त्यावर येतच नाही. तो भिंतीला भोके पाडत या घरातून त्या घरात जातो.

१७/
आजाराचा क्रम १९६९ मध्ये जब्बूर आणि सहकाऱ्यांनी चार टप्प्यांत मांडला. आधी स्वभाव बदलतो, अभ्यासात वा कामात घसरण होते. मग झटके. मग शरीर ताठरते. शेवटी बाह्य जगाशी संबंध तुटतो. गोवरानंतर बहुधा सहा ते दहा वर्षांनी सुरुवात होते, म्हणून बहुतेक रुग्ण शाळकरी वयाचे, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मुलींपेक्षा जास्त. मृत्यू साधारण एक ते तीन वर्षांत येतो. खात्रीने बरे करणारा उपचार आजही नाही. काही रुग्णांत मात्र हे सारे सहा महिन्यांच्या आत उरकते.

१८/
या द्रुतगती प्रकाराचा आणि गर्भारपणाचा संबंध १९८८ मध्ये इस्रायलमधील डॉक्टरांनी एका निबंधात ठळकपणे पुढे आणला. नंतर कॅनडासह इतर देशांतूनही गर्भवतींच्या अशा नोंदी प्रसिद्ध झाल्या. संख्या बोटांवर मोजण्याइतकी. पण चित्र अस्वस्थ करणारे. आजार नेहमीच्या संथ चालीने न जाता धावत सुटतो, आणि पुष्कळदा पहिली तक्रार दृष्टीची असते. डोळे निरोगी असतात. पाहणारा मेंदू निकामी होत असतो.

१९/
निदान इथे विशेष अवघड जाते. गर्भवतीला झटके आले की डॉक्टरांच्या मनात पहिला संशय रक्तदाबातून उद्भवणाऱ्या एक्लॅम्पसियाचा येतो, आणि तो यायलाच हवा, कारण तो कितीतरी अधिक आढळतो. सुरुवातीचा विसराळूपणा किंवा उदासी थकव्याच्या खात्यावर जमा होऊ शकते. आणि पंचविशीतल्या स्त्रीला ‘तुम्हाला वर्षाच्या आत गोवर झाला होता का?’ असे विचारणार कोण? उत्तर ठाऊक असलेली व्यक्ती बहुधा एकच असते : तिची आई.

२०/
गर्भारपणातच आजार का उसळत असावा? याची वैचारिक पार्श्वभूमी १९५३ पासूनची आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी त्या वर्षी एक साधा पण खोल प्रश्न विचारला. गर्भ निम्मा पित्याचा, म्हणजे आईच्या शरीराला निम्मा परका. परक्या माणसाच्या त्वचेचे रोपण शरीर झिडकारते. मग गर्भाला नऊ महिने कसे सांभाळते? मेडावर यांनी सुचवलेल्या शक्यतांपैकी एक अशी, की आईची प्रतिकारयंत्रणा या काळात आपले वागणे बदलते.

२१/
पुढच्या संशोधनाने या चित्रात बरेच बारकावे भरले. गर्भारपणात प्रतिकारशक्ती सरसकट खचते असे आज मानत नाहीत. तिचा तोल बदलतो. संसर्ग झालेल्या पेशी थेट नष्ट करणारी बाजू काहीशी संयत होते, असे एक मत १९९० च्या दशकात पुढे आले. मेंदूत कोंडलेल्या गोवराला आजवर याच बाजूने रोखून धरले असेल, तर पहारा सैल होताच तो पसरत असावा. हे गृहीतक आहे. इतक्या थोड्या रुग्णांवरून ते सिद्ध झाले असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

२२/
या नोंदी वाचताना एक गोष्ट मनात राहते. त्यांतल्या स्त्रियांना नाव नाही. गोपनीयतेच्या नियमाने ते योग्यच आहे. वय, गर्भाचे आठवडे, आलेख, प्रतिपिंडांचे आकडे आणि शेवट. पण त्याच कोरड्या ओळींत अधूनमधून असेही वाचायला मिळते की बाळ सुखरूप जन्मले. आईच्या रक्तातील गोवरविरोधी प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात आणि काही महिने त्याचे रक्षण करतात. जी प्रतिपिंडे आईला वाचवू शकली नाहीत, त्यांचाच वारसा बाळाला लाभतो.

२३/
उपचार नसलेल्या या आजाराला थोपवले ते प्रतिबंधाने. १९५४ मध्ये बॉस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ आली. जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेतील थॉमस पीबल्स यांनी तिथल्या डेव्हिड एडमन्स्टन या विद्यार्थ्याचा नमुना घेतला आणि त्यातून विषाणू वेगळा काढला. त्यापासून बनलेल्या लसीला १९६३ मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार लसीपूर्वी गोवराने जगात दरवर्षी सुमारे २६ लाख मृत्यू होत. लसीकरण वाढले तसा गोवर घटला, आणि त्याच्या मागोमाग एसएसपीईही.

२४/
लसीत जिवंत पण दुर्बळ केलेला विषाणू असतो. मग लसच हा आजार घडवत नसेल ना, अशी शंका साहजिकच विचारली गेली. तिचे उत्तर रुग्णांच्या मेंदूनेच दिले. तिथल्या विषाणूचा जनुकीय क्रम तपासला तेव्हा तो साथीतल्या रानटी गोवराचा निघाला, लसीतल्या विषाणूचा नाही. लस घेतलेल्या मुलांतही असेच आढळले. त्यांना लसीआधीच गोवर येऊन गेला असावा.

२५/
या कथेचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. एडमन्स्टनच्या विषाणूचा एक वंशज झाग्रेबमध्ये मानवी पेशींवर वाढवून तयार केला गेला. त्याला ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ म्हणतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लसीत हाच वंश वापरला जातो. बॉस्टनजवळच्या एका आजारी विद्यार्थ्याकडून १९५४ मध्ये मिळालेला विषाणू आज पुण्यातून जगभरच्या बाळांपर्यंत पोहोचतो. आपल्यापैकी अनेकांच्या दंडावरही तो टोचला गेला आहे.

२६/
धोका नेमका किती? पूर्वी तो लाखात एखादा असे मानत. कॅलिफोर्नियातील रुग्णांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही समजूत मोडली. पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांत प्रमाण १,३६७ मध्ये एक, आणि वर्षाच्या आत झालेल्यांत ६०९ मध्ये एक निघाले. म्हणजे सर्वाधिक धोका त्यांना, जे लसीसाठी अजून फार लहान आहेत. त्यांचे रक्षण त्यांच्या हाती नाही. ते भोवतालच्या मोठ्या मुलांच्या लसीकरणावर अवलंबून आहे.

२७/
भारतात १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस दिली जाते. २०१० पासून दुसरा डोस आला आणि २०१७ पासून गोवर-रुबेलाची संयुक्त लस. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांदरम्यान. गर्भारपणात ही लस देत नाहीत. संरक्षण त्याआधीच मिळालेले असावे लागते. कोविडच्या काळात अनेक बाळांचे डोस चुकले, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात, तसेच मालेगाव, भिवंडीत गोवर उसळला.

२८/
वर्तमानपत्रांच्या दृष्टीने ती साथ काही महिन्यांत संपली. या धाग्याने काही शिकवले असेल तर ते हे, की साथीचा शेवट ठरवणे इतके सोपे नसते. २०२२ मध्ये पाळण्यात असलेली मुलगी २०४५ च्या सुमारास आई होण्याच्या वयात असेल. त्या हिवाळ्यातल्या गोवराचा हिशेब एखाद्या घरात तेव्हा मांडला जाऊ शकतो. गेल्या साथीत काय झाले ते आता बदलता येत नाही. पुढची साथ मात्र आजच्या चुकलेल्या डोसांतून घडते.

२९/
आपल्या घरात, शेजारी, नात्यात लहान बाळ असेल तर त्याचे लसीकरणाचे कार्ड एकदा पाहा. आणि आपल्याला स्वतःला लहानपणी गोवर झाला होता का, लस मिळाली होती का, हे आईला विचारून कुठेतरी लिहून ठेवा. मौखिक इतिहासाची यापेक्षा उपयुक्त नोंद क्वचितच सापडेल.

धागा इथे संपतो. शंका असल्यास खाली जरूर विचारा. आणि उपयुक्त वाटला तर पहिले ट्विट पुढे पाठवा.